स्पिनोझा : नुसत्या आज्ञापालनाने तारण होतं हे बुद्धीला सिद्ध करता येत नाही, तरी मानायचं. हे कसं?

दीपमाळ यांचा प्रश्न

सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्या ‘थिऑलॉजिकल-पॉलिटिकल ट्रीटाइज’चं (पुढे नुसतं ‘ट्रीटाइज’ म्हणते) पंधरावं प्रकरण आणि ‘एथिक्स’चा पाचवा भाग लागोपाठ वाचला, तर दोन्हींची सांगड बसत नाही.

‘एथिक्स’मध्ये, भाग ५ विधान ३६ च्या टिपेत, तो सांगतो की आपलं तारण (‘सॅल्व्हेशन’, म्हणजे उद्धार), परमसुख किंवा स्वातंत्र्य म्हणजे ईश्वरावरचं अखंड, शाश्वत प्रेम. हे प्रेम तिसऱ्या प्रकारच्या ज्ञानातून, म्हणजे एका नजरेत होणाऱ्या थेट आकलनातून, उपजतं. म्हणजे ज्ञान नाही तर तारण नाही. उलट ‘ट्रीटाइज’मध्ये म्हणतो की ईश्वराच्या आज्ञा पाळणारा अडाणी माणूसही तरतो, हे बुद्धीने सिद्ध होत नाही, ते प्रकटीकरणातूनच (ईश्वराने माणसाला जे प्रकट केलं त्यातूनच) कळलं आहे, आणि तरीही ते स्वीकारणं शहाणपणाचं आहे.

तीन गोष्टी कळत नाहीत. प्रकटीकरण म्हणजे संदेष्ट्यांची कल्पनाशक्ती असं पहिल्या दोन प्रकरणांत सांगून झाल्यावर, बुद्धीला जे कळत नाही ते कल्पनाशक्तीला कसं कळलं? दुसरं, हे विधान स्पिनोझाच्या मते खरं आहे की राज्य सुरळीत चालावं म्हणून फक्त उपयोगी आहे? आणि तिसरं, या दोन ठिकाणचं तारण एकच का?

एम.ए.च्या निबंधात हे मांडायचं आहे. नेमकी प्रकरणं, विधानं सांगितलीत तर फार मदत होईल.

---

त्रिज्या यांचं उत्तर

आधी विधान नेमकं कुठलं ते पक्कं करा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. पंधराव्या प्रकरणावर स्पिनोझाने मागाहून जोडलेली एक टीप आहे, क्रमांक ३१. ती बहुतेक वाचक सोडून देतात. तिच्यात तो म्हणतो की ईश्वरी आदेश कायदा म्हणून, आज्ञा म्हणून स्वीकारले तरी तारणाला पुरे, ते शाश्वत सत्यं म्हणून समजून घ्यायची गरज नाही, एवढी गोष्ट बुद्धी शिकवू शकत नाही, ती प्रकटीकरण शिकवतं. आणि याची सिद्धता चौथ्या प्रकरणात पाहा, असंही सांगतो.

म्हणजे बुद्धीच्या आवाक्याबाहेर आहे ते फक्त एवढंच. न्यायाने वागावं, दुसऱ्याचं भलं चिंतावं, द्वेषाला प्रेमाने उत्तर द्यावं, हे सगळं बुद्धी स्वतःच्या बळावर सिद्ध करते. ‘एथिक्स’ भाग ४ मधली विधानं ३७ आणि ४६ काढून बघा, तिथे पवित्र शास्त्राचा (बायबलचा) आधार कुठेही घेतलेला नाही. निबंधात “स्पिनोझाच्या मते नीती प्रकटीकरणावर उभी आहे” असं लिहिलंत तर तिथेच घसराल. नीती बुद्धीवर उभी आहे. न समजता, केवळ हुकूम म्हणून ती पाळणाऱ्याचंही भलं होतं, हे बुद्धीला दाखवता येत नाही.

का दाखवता येत नाही? चौथ्या प्रकरणातलं आदामाचं उदाहरण नीट वाचा. ते फळ खाल्लंस तर वाईट होईल, हे ईश्वराने आदामाला प्रकट केलं. प्रत्यक्षात ते कार्यकारणाचं विधान होतं : अमुक केलं की तमुक घडणार. आदामाला कारण कळलं नाही, म्हणून त्याने ते राजाच्या फर्मानासारखं घेतलं : मोडलंस तर शिक्षा. स्पिनोझा सांगतो की हे त्याच्या ज्ञानातल्या उणिवेमुळेच घडलं. त्याच प्रकरणात त्रिकोणाचा दाखला आहे. त्रिकोणाचं स्वरूप ईश्वराच्या बुद्धीत आहे असं म्हटलं काय, किंवा ईश्वराने तसं ठरवलं म्हटलं काय, एकच. तिथे हुकूम सोडणारा कुणी वेगळा बसलेला नाही.

आता मेख लक्षात येईल. ‘आज्ञा’ नावाची चीज अज्ञानाच्या बाजूनेच दिसते. कारण समजलं की आज्ञा विरघळते आणि सत्य उरतं. सोळाव्या प्रकरणावरच्या एका टिपेत तो उघडच म्हणतो की ईश्वरावरचं प्रेम म्हणजे आज्ञापालन नव्हे. ईश्वराला यथार्थ जाणणाऱ्यात ते असायचंच. बुद्धीच्या जागी उभं राहून पाहिलं तर आज्ञापालन दिसतच नाही, मग त्याने तारण होतं की नाही हे बुद्धी कशावरून सिद्ध करणार?

‘एथिक्स’च्या बाजूने हेच बघायचं तर भाग २, विधान ४० ची दुसरी टीप घ्या. तिथे त्रैराशिक आहे. तीन संख्या दिल्या आहेत, चौथी अशी काढायची की तिचं तिसरीशी तेच प्रमाण असेल जे दुसरीचं पहिलीशी आहे. व्यापारी दुसरी आणि तिसरी गुणतो, पहिलीने भागतो आणि मोकळा होतो. मास्तरांनी तसं सांगितलं होतं आणि छोट्या आकड्यांवर ते पडताळून झालं होतं, एवढ्याच भांडवलावर. दुसरा माणूस युक्लिडची सिद्धता जाणून तेच करतो. आणि १, २, ३ एवढे सोपे आकडे असले तर चौथा ६, हे कुणालाही एका नजरेत दिसतं. या ज्ञानाच्या तीन तऱ्हा.

यात व्यापाऱ्याचं उत्तर चुकलेलं नाही. हिशेब बरोबर, पैसे बरोबर. आज्ञा पाळणारा माणूस त्या व्यापाऱ्याच्या जागी आहे. वागणं बिनचूक, कारण माहीत नाही. पण ‘एथिक्स’चं शेवटचं विधान, भाग ५ मधलं ४२, सांगतं की परमसुख हे सद्गुणाचं बक्षीस नसून खुद्द सद्गुणच आहे. आकलन म्हणजेच तारण असेल, तर बरोबर उत्तर काढणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती काय लागलं, हा प्रश्न शिल्लक राहतो. निबंध इथून सुरू करा. बाकीचं सगळं या प्रश्नाकडे नेणारं आहे.

---

जुना_करार यांचं उत्तर

पहिल्या प्रश्नाबद्दल. कल्पनाशक्तीला बुद्धीपेक्षा जास्त कसं कळलं, असं विचारलंत. स्पिनोझाच्या मते ईश्वराच्या किंवा निसर्गाच्या स्वरूपाबद्दल तिला जास्त काहीच कळलं नाही, आणि हे तो दुसऱ्या प्रकरणात एकेक दाखला घेऊन दाखवतो.

यशयाला ईश्वर वस्त्रं ल्यालेला, सिंहासनावर बसलेला दिसला. यहेज्केलला अग्नीसारखा दिसला. अलीशा रागात होता तोवर त्याला संदेश सांगता येईना, म्हणून त्याने वादक मागवला (२ राजे ३:१५). यहोशवाने सूर्याला थांब म्हटलं. इथे स्पिनोझा कुणाचीच समजूत काढायला जात नाही. यहोशवाला वाटत होतं की सूर्य फिरतो आणि पृथ्वी स्थिर आहे, तो सैनिक होता, त्याला खगोलशास्त्र यावं अशी अपेक्षा कशाला? दिवस लांबला असेल तर त्याच अध्यायात गारांचा उल्लेख आहे (यहोशवा १०:११). हवेत बर्फ फार असल्याने प्रकाशाचं वक्रीभवन नेहमीपेक्षा जास्त झालं असेल, असंही सुचवतो. तसाच शलमोनाचा ओतीव गंगाळसागर, म्हणजे मंदिरातलं पाण्याचं भलंमोठं गोल पात्र : व्यास १० हात, परीघ ३० हात (१ राजे ७:२३). स्पिनोझा म्हणतो की परीघ आणि व्यासाचं प्रमाण शलमोनाला माहीत नव्हतं, तोही सामान्य कारागिरांसारखा ३ ला १ धरून चालला. संदेश संदेष्ट्याच्या समजुतीच्या मापाने येतो, आणि म्हणून निसर्गाबद्दल संदेष्ट्यांचं ऐकायचं नाही.

मग कशाबद्दल ऐकायचं? इथे दुसऱ्या प्रकरणातली खात्रीची मीमांसा कामाला येते. कल्पना कितीही ठसठशीत असली तरी ती स्वतःची ग्वाही स्वतः देत नाही, जसं स्पष्ट आकलन देतं. म्हणून संदेष्ट्याला बाहेरचा आधार लागतो. स्पिनोझाने तीन आधार सांगितलेत : जागेपणी वस्तू समोर असावी तितकी जिवंत कल्पना, मग चिन्ह, आणि न्यायाकडे व चांगुलपणाकडे झुकलेलं मन. यातला तिसरा सगळ्यांत वजनदार. कारण चिन्ह खोट्या संदेष्ट्यालाही दाखवता येतं, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायातच लिहिलंय. या तिन्हींतून मिळते ती नैतिक खात्री, गणिती नव्हे.

‘नैतिक खात्री’ म्हणजे कच्ची खात्री असं समजू नका. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटाकडे तिचं समर्थन आहे आणि माझ्या मते पुस्तकातला तो सगळ्यांत मनापासून लिहिलेला मजकूर आहे. इतक्या संदेष्ट्यांनी ग्वाही दिलेली, ज्यांची बुद्धी तेवढी बळकट नाही त्यांना मोठा दिलासा देणारी, राज्याच्या हिताची, आणि मानल्याने काही धोका किंवा नुकसान नसलेली गोष्ट केवळ गणितासारखी सिद्ध होत नाही म्हणून नाकारणं हा मूर्खपणा, असं तो म्हणतो. शंका घेता येईल असं काहीच खरं मानायचं नाही, अशाने आयुष्य शहाणपणाने चालणार आहे का? आपली बहुतेक कृत्यं अनिश्चित आणि जोखमीचीच असतात. हे देकार्तच्या संशयपद्धतीत मुरलेला माणूस लिहितोय, हे ध्यानात घ्या.

एक सूचना. पहिल्या प्रकरणातल्या व्याख्येकडे दुर्लक्ष करू नका. ‘ईश्वराने माणसाला प्रकट केलेलं निश्चित ज्ञान’ अशी तो प्रकटीकरणाची व्याख्या करतो आणि लगेच पुढे म्हणतो की या हिशेबाने निसर्गदत्त बुद्धीचं ज्ञानही प्रकटीकरणच ठरतं. त्यामुळे “प्रकटीकरण विरुद्ध बुद्धी” असं शीर्षक निबंधाला देऊ नका. त्याच्याकडे विरोध आहे तो कल्पनेतून आलेलं आणि आकलनातून आलेलं यांत.

---

काठावरचा यांचं उत्तर

वरची दोन्ही उत्तरं स्पिनोझाला शब्दशः घेतात. मला ते पटत नाही, आणि कारण तोच पुरवतो.

चौदाव्या प्रकरणात सार्वत्रिक श्रद्धेची सात तत्त्वं आहेत : ईश्वर आहे आणि तो परम न्यायी व दयाळू आहे; तो एकच आहे; तो सर्वत्र आहे; सर्वांवर त्याचा सर्वोच्च अधिकार आहे; त्याची उपासना म्हणजे केवळ न्याय आणि शेजाऱ्यावरचं प्रेम; असं जगणारे तरतात आणि वासनांच्या ताब्यात गेलेले बुडतात; आणि पश्चात्ताप करणाऱ्याला तो क्षमा करतो. आता हीच यादी ‘एथिक्स’शेजारी ठेवा. भाग ५, विधान १७ आणि त्याचा उपसिद्धांत : ईश्वराला भावना नाहीत, तो खऱ्या अर्थाने कुणावर प्रेम करत नाही आणि कुणाचा द्वेषही करत नाही. मग दया कुणाची आणि क्षमा कोण करणार? भाग ४, विधान ५४ : पश्चात्ताप हा सद्गुण नाही, पस्तावणारा दुहेरी दुबळा. आणि त्याच विधानाची टीप तर सगळं उघड करते. जमावाला भीती नसली की तो भयंकर होतो, म्हणून संदेष्ट्यांनी थोड्यांचं नव्हे तर सर्वांचं हित पाहून नम्रता आणि पश्चात्ताप यांची एवढी भलामण केली, असं तिथे लिहिलंय.

याच्या जोडीला पुस्तक कसं निघालं ते बघा. १६७० मध्ये, लेखकाच्या नावाशिवाय, छापलं ॲम्स्टरडॅमला पण मुखपृष्ठावर हॅम्बुर्ग. भाषा लॅटिन, डच भाषांतर होतंय असं कळल्यावर १६७१ मध्ये त्याने मित्राला पत्र लिहून ते थांबवायला सांगितलं. तरी १६७४ मध्ये हॉलंडमध्ये बंदी आलीच. विसाव्या शतकातला अभ्यासक लिओ स्ट्राउस याने यावरून काढलेला निष्कर्ष, की असा लेखक दोन थरांत लिहितो आणि सामान्य वाचकाला एक, सावध वाचकाला दुसरं सांगतो, मला अजून कुणी खोडून काढलेला दिसत नाही. अडाण्यांचं तारण हा वरचा थर आहे.

---

त्रिज्या

काठावरचा, तुमचे संदर्भ बिनचूक आहेत, पण ‘थरा’ची गरज नाही. लपवलेली गोष्ट शोधावी लागते. ही तर चौदाव्या प्रकरणात ठळक लिहिलेली आहे. श्रद्धेला खऱ्या तत्त्वांपेक्षा भक्तिमय तत्त्वं लागतात, म्हणजे माणसाला आज्ञापालनाकडे नेणारी. त्यांतल्या पुष्कळांत सत्याचा लवलेश नसला तरी चालेल, अट एकच : ती खोटी आहेत हे मानणाऱ्याला माहीत नसावं. माहीत असूनही मानली तर तो बंडखोर ठरेल. हे जो लेखक धडधडीत छापतो तो सावध वाचकापुरतं काय राखून ठेवतोय?

आणि या अटीतून पुढचं पाऊल निघतं, ज्याकडे तुमची मांडणी पोचत नाही. तत्त्वज्ञाला तर ठाऊक आहे की ईश्वर राजासारखा न्यायनिवाडा करत नाही. मग तो ही सात तत्त्वं बंडखोर न होता कशी मानणार? स्पिनोझा लगेच सोय करतो. ईश्वर अग्नी आहे, आत्मा आहे, प्रकाश आहे की विचार आहे, याच्याशी श्रद्धेला देणंघेणं नाही. तो सर्वत्र आहे तो स्वरूपाने की सामर्थ्याने, सृष्टी चालवतो ती इच्छेने की स्वभावाच्या अनिवार्यतेने, नियम घालून देतो तो राजा म्हणून की शाश्वत सत्यं म्हणून शिकवतो, चांगल्याला फळ मिळतं ते नैसर्गिक की अलौकिक, ज्याने त्याने आपापल्या समजुतीला जुळेल तसं लावून घ्यावं. अट पुन्हा एकच, त्यातून पाप करायला मोकळीक मिळता कामा नये.

म्हणजे सहावं तत्त्व शेतकरी एका अर्थाने मानेल, ‘एथिक्स’चा वाचक दुसऱ्या, आणि दोघंही प्रामाणिक. समकालीन डच टीकाकार वेल्टहाउझेन याने आक्षेप घेतला की हा माणूस चोरपावलांनी नास्तिकता शिकवतो, तेव्हा स्पिनोझाने १६७१ च्या उत्तरात (पत्र ४३) हाच मुद्दा धरला : सद्गुणातून आणि ईश्वरप्रेमातून येणारं भलं ईश्वराने न्यायाधीश म्हणून दिलं काय किंवा ईश्वरी स्वभावाच्या अनिवार्यतेने आलं काय, ते कमीजास्त हवंसं होत नाही. १६७५ मध्ये पत्रमित्र ओल्डेनबर्गलाही (पत्र ७५) जवळजवळ तेच लिहिलं. खाजगी पत्रात, तत्त्वज्ञान जाणणाऱ्या माणसाला, तोच युक्तिवाद पुन्हा करणारा लेखक दोन थर ठेवत नाही.

सातव्या तत्त्वावर, क्षमेवर, मात्र तुमचं म्हणणं टिकतं. तिथे अनिवार्यतेची भाषा वापरून काही नीट हाती येत नाही. स्पिनोझाही तिथे कारण देतो ते माणसाच्या बाजूचं : निष्पाप कुणीच नाही, क्षमा नाही असं धरलं तर सगळेच निराश होतील आणि ईश्वराला दयाळू मानायला कारणच उरणार नाही. दीपमाळ, निबंधात ही जागा कच्ची आहे असं सरळ लिहा, झाकू नका.

---

दीपमाळ

फार उपयोग झाला. पण तिसरा प्रश्न अजून अर्धा आहे. शेतकरी आणि तत्त्वज्ञ दोघं प्रामाणिकपणे मानतात हे ठीक, पण दोघांना मिळतं ते एकच का? शिवाय वर्गात एकाने सुचवलं की हे आपल्याकडच्या ज्ञानमार्ग-भक्तिमार्गासारखंच आहे, दोन वाटा, मुक्काम एक. तसं लिहावं का?

---

त्रिज्या

वर्गातली सूचना आधी निकालात काढू. तसं लिहू नका. भक्तिमार्गात देव हाकेला ओ देतो, जवळ घेतो; त्यावर सगळं अवलंबून आहे. ‘एथिक्स’ भाग ५, विधान १९ सांगतं की ईश्वरावर प्रेम करणारा ईश्वराने उलट आपल्यावर प्रेम करावं अशी धडपड करूच शकत नाही. स्पिनोझाच्या आज्ञाधारक माणसात भक्तीची आर्तता अपेक्षितच नाही, त्याने शेजाऱ्याशी नीट वागावं एवढंच मागणं आहे. पाचवं तत्त्व उपासना तेवढ्यावर आणून ठेवतं. आणि ज्ञानमार्गाकडून पाहाल तर पुनर्जन्म नाही, संन्यास नाही, सुटका हवी असं बंधनाचं चक्रही नाही. ओळखीच्या शब्दांनी वाचकाला सोय होते पण विषय हातचा जातो.

आता दोघांना एकच मिळतं का. इथे एक दुवा आहे आणि तो चार ठिकाणी विखुरलेला असल्याने सहसा नजरेतून सुटतो. सातव्या प्रकरणात, पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावावा हे सांगताना, तो जाता जाता म्हणतो की खरं तारण आणि परमसुख म्हणजे मनाचं खरं समाधान. पंधराव्या प्रकरणात म्हणतो की पवित्र आत्मा म्हणजे सत्कृत्यांमुळे मनात उपजणारं समाधान, दुसरं काही नाही. आणि ‘एथिक्स’ भाग ५, विधान २७ म्हणतं की तिसऱ्या प्रकारच्या ज्ञानातून मनाला मिळू शकणारं सर्वोच्च समाधान मिळतं. ३६ व्या विधानाच्या टिपेत, जिथे तारणाची व्याख्या आहे, तिथेही तेच समाधान आहे. लॅटिनमध्ये चारही जागी शब्द एकच आहे. मूळ उघडून तेवढं पडताळून घ्या, कारण भाषांतरांत तो शब्द जागोजाग बदलतो.

या दुव्यावर मी असं मांडेन. आज्ञा पाळणाऱ्याच्या वाट्याला समाधान येतं ते कृतीतून, जाणणाऱ्याच्या वाट्याला येतं ते आकलनातून. जात एक, मूळ वेगळं, आणि टिकाऊपणाही वेगळा. आज्ञाधारकाचं समाधान त्याच्या श्रद्धेला कुणी धक्का देत नाही तोवर पक्कं. जाणणाऱ्याच्या समाधानाला धक्का द्यायला बाहेरचं काही पुरत नाही. स्पिनोझा राज्याने धर्मोपदेशकांना लोकांच्या मतांवर अधिकार देऊ नये म्हणून इतका जीव तोडून का लिहितो, याचं एक कारण मला इथे दिसतं. साध्या माणसाच्या अंगणात जाऊन तुझी श्रद्धा चुकीची म्हणणारा त्याचं तारणच उधळतो.

शाश्वततेचा भाग वेगळा ठेवा. भाग ५, विधान २३ सांगतं की शरीराबरोबर मन समूळ नष्ट होत नाही, त्यातलं काही शाश्वत असतं. हे प्रत्येक मनाला लागू आहे, शहाण्यालाच नाही. विधानं ३८ ते ४० सांगतात की दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचं ज्ञान जितकं जास्त तितका तो भाग मोठा. म्हणजे त्याचं माप कमीजास्त असतं, हो-नाहीचा तो प्रश्न नाही. कुणाही माणसाजवळ यथार्थ कल्पना (‘ॲडिक्वेट आयडिया’) मुळीच नाहीत असं होत नाही (भाग २, विधान ३८ चा उपसिद्धांत), म्हणून शेतकऱ्याच्या मनाचाही काही भाग शाश्वत आहे. पण तो आज्ञापालनामुळे वाढला असं ‘एथिक्स’मध्ये कुठेही नाही. दोन्ही पुस्तकांना पूर्ण जोडायचा अट्टाहास करणारे इथे स्पिनोझाच्या तोंडी नसलेली वाक्यं घालतात.

आणि शाश्वत भाग म्हणजे मरणोत्तर आयुष्य नव्हे. विधान २१ : स्मृती आणि कल्पना शरीर आहे तोवरच. पुढच्या जगात भेटणारं ओळखीचं कुणी त्यात नाही.

---

काठावरचा

समाधानाचा दुवा चांगला आहे, तो मान्य. एक भर घालतो, कारण तो थोडा तुमच्या विरुद्ध जातो. भाग ४, विधान ५८ च्या टिपेत तो पोकळ समाधानाबद्दल बोलतो, जे लोकांच्या मतावर पोसलं जातं आणि लोकांचं मत फिरलं की विझतं. सत्कृत्यातून येणारं समाधान बुद्धीवर आधारलेलं नसेल तर ते या जातीचं नाही, हे कशावरून? तुम्हाला फरक दाखवावा लागेल.

---

त्रिज्या

रास्त शंका. फरक असा करता येईल की पोकळ समाधान इतरांच्या वाहवेतून येतं, आणि पंधराव्या प्रकरणातलं समाधान कृत्यातूनच येतं असं तो लिहितो. बघणारा कुणी असो वा नसो. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी कसोटीही दिली आहे. पौलाच्या गलतीकरांस पत्रातली (५:२२) फळं : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ही ज्याच्यात भरपूर आहेत तो केवळ बुद्धीने शिकला असो की केवळ पवित्र शास्त्राने, त्याला ईश्वरानेच शिकवलं आहे आणि तो पूर्ण सुखी आहे. ही फळं जगताना दिसतात, टाळ्यांवर अवलंबून नाहीत. एवढ्याने तुमची शंका पूर्ण फिटते असं म्हणत नाही.

---

जुना_करार

पाचव्या प्रकरणाचा विषय निघालाच आहे तर त्याच पानांवरचा मायमोनिडीझचा (मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ) संदर्भ सोडू नका, दीपमाळ. तुमच्या निबंधाचा प्रश्न तिथे उलटा करून ठेवलेला आहे. मायमोनिडीझ म्हणतो की नोहाच्या सात आज्ञा (ज्यू परंपरेने साऱ्या मानवजातीला लागू मानलेल्या) मोशेद्वारे प्रकट झाल्या म्हणून पाळणारा परराष्ट्रीय धार्मिकांत गणला जाईल आणि त्याला येणाऱ्या जगात वाटा आहे. पण केवळ बुद्धीला पटलं म्हणून पाळणारा धार्मिकांत नाही, “आणि त्यांच्या ज्ञान्यांतही नाही”. स्पिनोझा हे वाक्य घेऊन त्यावर कडाडून टीका करतो. अडचण एवढीच की काही हस्तलिखितांत शेवट “तर त्यांच्या ज्ञान्यांत” असा आहे, आणि हिब्रूत हा फरक एका अक्षराचा आहे. तसं वाचलं तर बुद्धीने चालणाऱ्याला निदान ज्ञानी म्हणून मान मिळतो. तुम्ही संदर्भ द्याल तेव्हा स्पिनोझाने कोणता पाठ वापरला ते लिहा, नाहीतर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवेल. हाच उतारा पुढे ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोनला इतका सलत राहिला की त्याने १७७३ मध्ये रब्बी याकोब एमडेनला त्याबद्दल पत्र लिहिलं.

ख्रिस्ताबद्दल एक परिच्छेद लागेल. पहिल्या प्रकरणात मोशे ईश्वराशी समोरासमोर बोलला, ख्रिस्ताचा मात्र मनाचा मनाशी संवाद होता, असं आहे. यावरून स्पिनोझा मनातून ख्रिस्ती होता असा निष्कर्ष काढू नका. तिथेच तो सांगतो की चर्च ख्रिस्ताबद्दल जे शिकवतं त्याबद्दल आपण बोलत नाही, ते आपल्याला समजतही नाही. ओल्डेनबर्गला लिहिलेल्या ७३ व्या पत्रात जास्त स्पष्ट आहे : तारणासाठी देहधारी ख्रिस्ताची ओळख असायलाच हवी असं नाही, ईश्वराचं शाश्वत शहाणपण सर्व वस्तूंत, माणसाच्या मनात जास्त आणि ख्रिस्तात सर्वांत जास्त प्रकट झालं, त्याची ओळख हवी. ईश्वराने मानवी स्वभाव धारण केला हे मात्र वर्तुळाने चौकोनाचा स्वभाव धारण केला म्हणण्याइतकं निरर्थक आहे, असंही त्याच पत्रात आहे. दोन्ही वाक्यं एकत्र द्या, एकटं कुठलंही दिशाभूल करतं.

वाचायचा क्रम : प्रकरणं १, २, ४, पाचव्याचा शेवट, सातव्यातली पद्धत, मग १३, १४, १५ आणि टिपा ३१ व ३४; त्यानंतर ‘एथिक्स’ भाग ५ विधान १४ पासून अखेरपर्यंत; शेवटी पत्रं ४३, ७३, ७५. आधी ‘एथिक्स’ वाचून ‘ट्रीटाइज’कडे वळलात तर चौदावं प्रकरण नुसतं सोंग वाटायला लागतं, काठावरचा यांची शंका तिथूनच जन्मते. संदर्भ देताना पानांचे आकडे इंग्रजी भाषांतराचे देऊ नका, आवृत्ती बदलली की ते निकामी होतात. गेबहार्टच्या १९२५ च्या संपादनाचा खंड आणि पान द्या : ‘एथिक्स’ दुसऱ्या खंडात, ‘ट्रीटाइज’ तिसऱ्यात, पत्रं चौथ्यात. कर्लीच्या भाषांतरात हे आकडे समासात आहेत. एल्वेसचं १८८३ चं भाषांतर फुकट मिळतं आणि ओघ समजायला चालेल, पण नेमक्या शब्दावर युक्तिवाद बेतायचा असेल, जसा तो समाधानाचा, तर त्यावर भिस्त ठेवू नका.